दोन डोळ्यांचे दोन पांढरे

माझी मावशी एकतीस वर्षं गाड्यांचे रंग जुळवत आली. गाडी कुठे ठोकली की दार बदलतात. त्या नव्या दाराला द्यायचा रंग उरलेल्या गाडीशी मिळावा लागतो, आणि उरलेली गाडी तर आठ-दहा वर्षं उन्हात उभी राहून विटलेली असते. कंपनीच्या पुस्तकात प्रमाण दिलेलं असतं, हे इतके ग्रॅम, ते इतके ग्रॅम. त्या प्रमाणाने नव्या कोऱ्या गाडीचा रंग तयार होतो, समोरच्या गाडीचा नाही. मधला फरक मावशी नुसत्या नजरेने भरून काढायची. डब्यात काडी फिरवायची, दाराजवळ उजेडात जाऊन बघायची, एक थेंब काळा टाकायची, परत बघायची. "हं, आता बसला," म्हणाली की स्प्रेवाले काका मुकाट्याने तोंडाला मास्क लावायचे. वास्तविक ती माझ्या आईची धाकटी बहीण, म्हणजे हक्काने मावशी फक्त माझी. पण गॅरेजचे मालकसुद्धा तिला मावशीच म्हणायचे.

तिने लग्न केलं नाही. ती आमच्याकडेच राहायची, आईला ताई म्हणायची आणि रोज तिच्याशी एकदा तरी भांडायची. एकसष्टाव्या वर्षी तिला समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे पसरट दिसायला लागले. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाईंनी आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला मी तिच्यासोबत गेले होते.

पट्टी निघाली. मावशीने डोळा किलकिला केला, मग चांगला उघडला आणि डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिली.

"तुमचा कोट निळा आहे का हो?"

"नाही मावशी, पांढरा आहे."

मावशीने उजवा डोळा हाताने झाकला. "आता पिवळा झाला." मग डावा झाकला. "आता परत निळसर." परत उजवा. "अगं बाई! बघ, बघ ना!" असं मला म्हणाली, जणू मलाही ते दिसणार होतं.

डॉक्टरीणबाई हसल्या. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडतं, जुन्या प्लॅस्टिकसारखं, असं त्यांनी समजावलं. उजव्या डोळ्यातलं पिवळं भिंग काढून स्वच्छ बसवलं होतं. डाव्यात अजून जुनंच होतं. "घाबरू नका. चार आठवड्यांनी दुसरा डोळा केला की दोन्ही सारखे होतील."

"चारच आठवडे?" मावशी म्हणाली. तिच्या आवाजात घाबरल्याचं काही नव्हतं. सुट्टी लवकर संपणार असं कळलेल्या मुलासारखा तो आवाज होता.

बसमध्ये तिचं तेच चालू होतं. एक डोळा मिटायचा, मग दुसरा. समोर बसलेल्या एका टापटीप गृहस्थांना वाटलं, बाई आपल्याला डोळा मारतायत. आधी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग टाय सरळ केला आणि उतरताना चक्क हसून मान झुकवली. मावशीला पत्ताच नाही. ती त्यांच्या शर्टाची कॉलर बघत होती.

घरी आल्यावर दारातच ओरडली, "ताई, तुझे केस चंदेरी आहेत!"

"मग आधी कसे वाटत होते?"

"पांढरे."

"मग तेच ना?"

"तेच नाही गं! मुळीच तेच नाही!"

मग ती घरभर फिरली. बैठकीतल्या पडद्यावरून दोघी बहिणींचं चार वर्षं वाजत होतं. आई म्हणायची पडदा जांभळट आहे, मावशी म्हणायची राखाडी, आणि वर ऐकवायची, "रंगातलं मला नको शिकवूस." आता ती पडद्यासमोर उभी राहिली, एकेक डोळा झाकून बघितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "जांभळट आहे." आईने शेजारच्या वहिनींना साक्षीला बोलावून ते वाक्य तिच्याकडून परत म्हणवून घेतलं.

पण संध्याकाळी भाजी निवडताना आईने सहज विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तू चुकीचंच बघत होतीस? आणि त्याच डोळ्यांनी लोकांच्या गाड्या रंगवत होतीस?"

मावशीने हातातली जुडी खाली ठेवली आणि उठून स्प्रेवाल्या काकांना फोन लावला.

डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली होती, म्हणून काकाच दुसऱ्या दिवशी गॅरेजमधलं खोकं घेऊन घरी आले. कुठलाही भाग बदलला की मावशी जुन्या पत्र्याचा बोटभर तुकडा कापून घ्यायची आणि त्याच्या शेजारी नव्या रंगाची पट्टी चिकटवून तारीख घालायची. खोक्यात सहा वर्षांच्या अशा दोनशे चाळीस जोड्या होत्या. मावशीने खिडकीपाशी टेबल ओढलं. आधी जुन्या डोळ्याने एकेक जोडी बघितली. सगळ्या मिळत होत्या. मग तो डोळा झाकला, दीर्घ श्वास घेतला आणि नव्या डोळ्याने पहिली जोडी उचलली.

मिळाली. दुसरी मिळाली. तिसरी, दहावी, पन्नासावी! रंग सगळे बदलले होते, निळे झगझगीत झाले होते, पांढरे थंड पडले होते, पण जोडीतले दोन्ही तुकडे बरोबरीने बदलले होते. शेवटी एकोणीस जोड्या बाजूला पडल्या. बहुतेक गडद निळ्या, दोन-तीन पांढऱ्या. त्यांत खरोखर फरक होता आणि तो तिला कधी दिसलाच नव्हता. बाकी दोनशे एकवीस चोख!

मावशी उठून उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते.

"काका, कळतंय का तुम्हाला? दोन्ही तुकडे मी एकाच पिवळ्या काचेतून बघत होते, म्हणून मिळाले! म्हणजे मी रंग बघतच नव्हते. मी दोन रंगांमधलं अंतर बघत होते!"

काका जेमतेम बोलणारे. त्यांनी कपातला चहा संपवला आणि विचारलं, "मग रंग कोणी बघितला?"

या एका प्रश्नावर आमच्या घरी आठवडाभर कोणाला शांतता मिळाली नाही. मावशी जेवताना विचारायची, भांडी घासताना विचारायची. कोट निळसर की पिवळसर? नव्या डोळ्याचं खरं मानायचं, तर हे भिंग कारखान्यात बनलेलं. उद्या कारखान्याने थोडं वेगळं बनवलं तर कोटाचा रंग बदलणार का? आणि ताईला जो पांढरा दिसतो तो माझ्या कुठल्या पांढऱ्यासारखा? आई म्हणायची, "कोट धुतल्याशी मतलब." मालकांना तिने स्वतःहून फोन करून एकोणीस गाड्यांचं सांगितलं. "कोणी तक्रार केली का?" त्यांनी विचारलं. नव्हती केली. "मग मिळाले असंच समजा." मावशी कडाडली, "तुमच्या समजण्यावर रंग मिळत नसतो!" आणि फोन ठेवून दिला. मग पाच मिनिटांनी स्वतःशीच पुटपुटली, "की मिळतो?"

नवव्या दिवशी सकाळी ती भिंतीसमोर उभी होती.

"भिंत नुसती भिंत दिसतेय," ती मला म्हणाली. "निळसर दिसायची ना, आता साधी पांढरी दिसतेय. सवय झाली डोळ्याला." मग स्वतःलाच दुरुस्त करत, "डोळ्याला नाही, मला. भिंग तेच आहे. आत कोणीतरी बसलंय, जे म्हणतं, चला, याला आता पांढरा म्हणायचं. त्यानेच मला इतकी वर्षं पिवळं कळू दिलं नाही."

डावा डोळा झाकून-उघडून फरक दिसत होता अजून. पण तोही डोळा झाला की तुलना करायला काही उरणार नव्हतं. वर्षानुवर्षं तिने जे जग बघितलं ते जाणारच होतं, आणि ते दुसऱ्या कोणी बघितलेलं नव्हतं. फोटो काढून उपयोग नव्हता. फोटोही डोळ्यानेच बघायचा.

दुपारी मी कामावरून आले तर मावशी टेबलाशी बसली होती. नाकासमोर तिने पुठ्ठ्याचा उभा तुकडा धरला होता. डावीकडे कोरा कागद, उजवीकडे पोस्टर रंगांच्या बाटल्या आणि पांढऱ्या रंगाची वाटी.

"हलवू नकोस टेबल," ती म्हणाली. "डावा डोळा फक्त कागद बघतोय, उजवा फक्त वाटी. कागद या डोळ्याला जसा दिसतो तसा रंग मी त्या डोळ्यासाठी मिसळतेय. गाडीचाच धंदा आहे, नवीन काय त्यात!"

पांढऱ्यात तिने मातकट पिवळा घातला, मग तपकिरीचा ठिपका, मग परत पांढरा. चाळीस मिनिटं मी श्वास रोखून बघत होते. एकदम तिने काडी खाली ठेवली. "बसला!" अशी ओरडली, की आई आतून धावत आली.

वाटीत फिक्या चहासारखा रंग होता. माझ्या मावशीचा पांढरा. जुन्या डोळ्याचा.

त्यानंतर तिला खाणं सुचेना. पडदा केला, भांड्यांची चमक केली, माझा निळा दुपट्टा केला. तो हिरवट राखाडी निघाला आणि मी आठ दिवस रुसले, कारण तिने कायम त्याचं कौतुक केलं होतं. एकेक रंग ती कार्डावर लावायची आणि मागे लिहून ठेवायची. एका कार्डावर वाळक्या गवतासारखा रंग होता. आईने ते उचललं.

"हे काय, चटई?"

"तुझे केस."

"आणि याला तू पांढरे म्हणायचीस?"

"पांढरेच दिसायचे गं! तीच तर कमाल आहे!"

आईने कार्ड आपल्या केसांशी धरून बघितलं. मग म्हणाली, "एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचंस." मावशी इतकी हसली की डोळ्याला धक्का लागेल म्हणून मलाच ओरडावं लागलं.

आकाश राहिलं होतं. ढगाळ दिवस चालले होते, म्हणून तिने डॉक्टरीणबाईंकडून आठवडाभर मुदत मागून घेतली. कारण सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "कशासाठी?" ऑपरेशनच्या आदल्या सकाळी अकरा वाजता ऊन पडलं आणि सव्विसावं कार्ड झालं.

दुसरा डोळाही नीट झाला. मावशी कार्डं घेऊन डोळे तपासायला गेली. दोन्ही नव्या डोळ्यांना ती कार्डं परक्याची वाटत होती. "मीच लावलेत म्हणून विश्वास ठेवायचा," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्याचं कार्ड मागून घेतलं आणि बाहेर बसलेल्या पेशंटांना दाखवलं. एक निवृत्त बसचालक होते, एकच डोळा झालेले. ते म्हणाले, "छे, माझा पांढरा असा नाहीच."

मावशी ताडकन उठली. "मग कसा आहे?"

पुढच्याच गुरुवारी ती पुठ्ठा, वाट्या आणि रंग घेऊन दवाखान्यात हजर झाली. पुठ्ठा बसचालकांच्या नाकासमोर, काडी हिच्या हातात. "अजून थोडा... थांबा, जास्त झाला... आता हिरवट हवा." शेवटी त्यांनी टेबलावर थाप मारली. मावशीने कार्ड आपल्या कार्डाशेजारी धरलं. दोन्ही दोन टोकांना.

आता गुरुवारी गॅरेजला तिची सुट्टी असते. एक डोळा झालेली माणसं तिच्यासमोर बसतात, हुज्जत घालतात, आनंदाने ओरडतात. साठेक जणांचे पांढरे झालेत आणि एकही दुसऱ्याशी जुळत नाही. रंग जुळवण्यावर पोट भरलेल्या बाईला याचं वाईट वाटायला हवं. काल ती जिन्यातूनच हाका मारत आली.

"ताई! आज एका शिंपीणबाईंचा तांबूस निघाला! तांबूस!"

"आधी हात धू," आई म्हणाली, "आणि मग दाखव."