जिन्याखालचे ठोकळे

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला लाकूड कातायचा नाद लागला. सक्करदऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत लहानशी लेथ बसवून घेतली आणि भोवरे, कुंकवाचे करंडे, चाकूच्या मुठी असलं काहीबाही करू लागले. त्यासाठी लागणारे वीतभर ठोकळे जमवायचं तर मला वेडच लागलं. लाकूड कापायच्या आरा मशीनवरचे तुकडे आणायचे, टोकांना वितळलेली मेणबत्ती फासायची म्हणजे ती तडकत नाहीत, खडूने लाकडाचं नाव लिहायचं आणि ते जिन्याखाली रचायचे. यांनी तिथे फळ्या ठोकून दिल्या होत्या. साग एका फळीवर, बाभूळ दुसरीवर, शिसमाचे चार तुकडे सगळ्यांत वर. पाहुणे आले की मी पाणी द्यायच्या आधी जिन्याखालचं दाखवायची.

तळाशी सुबाभूळ होतं. रामटेकजवळ भावाच्या बांधावरचं झाड पडलं तेव्हा मी त्याच्या फांद्या कापून आणल्या होत्या, सालीसकट. करंड्याच्या काठाला साल राहिली तर छान दिसते म्हणून.

होळीच्या सुमारास वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले. तो कळमेश्वरला कारखान्यात, पाळीने जाणारा. ती घरीच, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सामान थोडंच होतं. त्यात तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला पलंग, आंब्याच्या लाकडाचा. तो जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा मीच एक बाजू धरली होती.

मे महिन्यात जिन्याच्या दाराच्या चौकटीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली. खाली बेसनासारखं पिवळं पीठ. मी लगेच ओळखलं, घुण. आणि तितक्याच लगेच ठरवलं की तो पलंगातून आला.

मी वर गेले. तिच्या हाताला कणीक लागलेली होती.

"तुमच्या पलंगाले घुण लागला आहे," मी म्हणाले. "माझी चौकट खाल्ली त्याने."

"काकू, पलंगाले तर एकही भोक नाही. पाहा ना तुम्ही."

मी पाहिला नाही. आंब्याचं लाकूड असंच असतं, भोकं मागाहून दिसतात, असं मी शिकवण्याच्या सुरात तिला सांगितलं. पलंग ठेवायचा असेल तर दुसरं घर पाहावं लागेल, हेही बोलून गेले. संध्याकाळी कामावरून आलेल्या तिच्या नवऱ्याने काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंग खोलला आणि समोरच्या बांधकामावरच्या चौकीदाराला चुलीसाठी देऊन टाकला. फळ्या खाली नेताना त्या भिंतीला लागू नयेत म्हणून ती जपत होती. माझ्या भिंतीला.

जून लागल्यावर ओल येईल म्हणून मी जिन्याखालच्या फळ्या रिकाम्या करायला बसले. तळाचा सुबाभळीचा ठोकळा उचलला तर हाताला कागदासारखा हलका लागला. जरा आपटला, तर सालीखालून पिठाची धार सुटली. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. मागची भिंत आणि चौकटीचा पाय यांच्यामध्ये त्या पिठाचा ढीग होता. हे मागे उभे होते.

"आपलंच निघालं वं हे," एवढंच म्हणाले.

मी तशीच वर गेले. पदराला पीठ होतं. ती फरशीवर चादर घालून कपडे घडी करत होती. झोपायची जागाही तीच.

"घुण माझ्या लाकडात होता," मी म्हणाले. "तुमच्या पलंगात नव्हता. माझं चुकलं."

तिने घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "मले माहीत होतं, काकू. जिन्याखालून पीठ पडून राहिलं होतं ना, ते मी रोज झाडत होती."

"मग बोलली काहून नाहीस?"

"घर तुमचं आहे."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. साधं सांगितलं तिने, पाणी किती वाजता येतं ते सांगावं तसं. मला तिथे उभंही राहवेना आणि उतरताही येईना.

मी बांधकामावर गेले. चौकीदाराने फळ्या केव्हाच जाळल्या होत्या. नवीन पलंग करून देते म्हटलं, तर तिच्या नवऱ्याने हात जोडले, "नको काकू, आम्ही लोखंडी घेतो." घेतलाही. सुबाभूळ मी अंगणात जाळलं, उरलेल्या ठोकळ्यांच्या साली सोलल्या, गच्चीवर वाळवले. आता ते भिंतीपासून दूर, लोखंडी घोडीवर असतात. पाहुण्यांना मी दाखवत नाही.

ते दोघं अजून वरच राहतात. मी भाजी पाठवते, ती वाटी कधी रिकामी परत करत नाही. पण मागच्या आठवड्यात गच्चीवरची टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यात आलं, आणि मी नुसती दारात आले तोच तिने वरून घाईघाईने सांगितलं,

"काकू, आमचे नळ बंद आहेत हो! सगळे पाहिले मी!"

मोटर मीच बंद करायची विसरले होते. मी ते तिला मोठ्याने सांगितलं, शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ती "बरं" म्हणाली आणि फडकं घेऊन जिना पुसायला खाली उतरली.