हालवू का, सायेब?

धोंडूदादाला गप्प बसता येत नसे. चौदा फुटी पट्टी हातात उभी धरून तो भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभा असायचा आणि पट्टीशी बोलायचा. पट्टीशी बोलून झालं की गवताचे भारे घेऊन चाललेल्या बायकांशी. बायका पुढे गेल्या की कावळ्याशी. आणि मधूनमधून माझ्याकडे तोंड करून, पार पोलादपूरच्या बाजारात ऐकू जाईल असा आवाज काढायचा, "हालवू काऽ, सायेब?"

हे ‘हालवू का’ काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. रस्त्याची किंवा पुलाची उंची ठरवताना, लांब उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा दुर्बिणीतून वाचतात. एका दगडावर पट्टी ठेवून आकडा वाचला की दुर्बीण उचलून पुढे न्यायची, पट्टी मात्र त्याच दगडावर राहू द्यायची. पुढच्या जागेवरून पुन्हा त्याच पट्टीचा आकडा घ्यायचा, आणि मगच पट्टीवाल्याने दगड सोडून पुढे यायचं. एक पाय रोवून दुसरा उचलावा तसं हे काम मैलोन्मैल चालतं. रोवलेला पाय सरकला तर पुढचं सगळं गणित सरकतं. म्हणून धोंडूदादा दगड सोडण्याआधी विचारायचा, आणि माझ्या तोंडून "हालव" ऐकू आल्याशिवाय जागचा हलत नसे. नुसता हात वर केलेला त्याला चालत नसे.

तो कशेडीकडच्या एका वाडीतला. चार घरं या अंगाला, तीन घरं दरीपलीकडच्या अंगाला. मीठ मागायचं तरी दरीवरून हाक घालायची. बोलायची सवय तिथली, आणि आवाजही तिथला. एकदा मी त्याला विचारलं, "तुला इतकं बोलायला सुचतं तरी काय?" तर म्हणाला, "आमच्या वाडीत मानूस गप ऱ्हायला की दोर घेऊन शोधायला निगतात, सायेब."

मी याच्या उलट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पुण्याहून पदवी घेऊन नात्याला, आमच्या गावी, आलो तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हता आणि मला बोलायला चार वाक्यं सापडत नव्हती. मुळात मी अबोल. आकडे माझ्या डोक्यात शांतपणे यायचे, आपल्या जागी बसायचे, आणि त्यांच्या-माझ्यात तिसरं कुणी नको असायचं. त्यात पदवीचा ताठा होता, तो कशाला लपवू? खात्यात ओव्हरसियर म्हणून कच्ची नेमणूक मिळाली होती. वर्षभर काम पाहणार आणि मग कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार.

कामावरचा पहिलाच दिवस. मी टोपी नीट करून गवंडी-मजुरांसमोर उभा राहिलो, तर पट्टी खांद्यावर टाकलेला एक उंच, काटकुळा माणूस पुढे आला आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळून ओरडला, "अरे! ह्यो तर नात्याच्या बापू पवाराचा पोरगा! शिमग्याची पालकी बगायला बापूनं तुमाला माज्या खांद्यावर दिलं व्हतं, ठाव हाय काय? आन तुमी माज्या नव्या बंडीवर मुतला व्हता!"

सगळे खोखो हसले. गोपाळ मिस्त्री, आमचा मुख्य गवंडी, तोंडाला उपरणं लावून हसला. मी "कामाला लागा" एवढंच म्हणालो. त्या दिवसापासून धोंडूदादाला मी ‘धोंडू’ म्हणत असे आणि ‘अरे-तुरे’ करत असे. तो माझ्या बापाच्या वयाचा होता. दादा मी त्याला पुढे म्हणालो, आणि कसं म्हणालो तेही सांगणार आहे.

पोलादपूरहून कशेडीकडे जाणाऱ्या वाटेवर एका वहाळावर दगडी कमानीचा पूल चालला होता. पोलादपूरला एका चिऱ्यावर खात्याने कोरलेली उंचीची खूण होती. तिथून दोन मैल पट्टी-दुर्बीण चालवत पुलापर्यंत यायचं आणि कमान कुठल्या उंचीवरून उचलायची त्याची रेघ मी मिस्त्रीला द्यायची, असं काम होतं. वैशाख लागला होता. पाऊस येण्याआधी कमान बांधून व्हायला हवी होती. मिस्त्री रोज सकाळी विचारायचा, "सायेब, रेघ कदी?" मला रात्री झोप लागत नसे. जेवताना बोटं ताटावर आकडे मांडायची.

आणि या सगळ्यात धोंडूची बडबड. मी दुर्बिणीत आकडा धरावा, वहीत लिहायला मान वळवावी, तेवढ्यात तो कुणाला तरी हाळी घालायचा, "काय गो, जावय आला का?" आणि माझा आकडा डोक्यातून उडून जायचा. एके दिवशी बारा वाजायच्या सुमाराला माझ्या वजाबाकीत दोनदा चूक झाली. मी वही मिटली आणि त्याच्यापर्यंत चालत गेलो.

"उद्यापासून कामावर एक शब्द बोलायचा नाही."

"मंग हालवू का कसं इचारू?"

"विचारायचं नाही. मी हात वर केला की हालायचं."

तो गंभीर झाला. "सायेब, हात माशी हाकायलाबी उठतो. तोंड काय माशीसाठी ‘हालव’ म्हनत नाय."

"मला शिकवू नकोस. कॉलेज मी केलंय."

पट्टीच्या टोकाला लागलेली माती त्याने अंगठ्याने पुसली. "बरं," म्हणाला, आणि त्यानंतर खरोखरच बोलला नाही.

तीन दिवस असे गेले. काम भराभर झालं. आमच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, डोकं खाली आणि पाय वर. रोज तो उलटा माणूस मला तोंड हलवताना दिसायचा. आता तो उलटा टांगल्यासारखा नुसता उभा होता, ओठ मिटून. शांतता मला हवी होती आणि ती मिळाली होती, तरी माझं मन लागेना. मी एकेक आकडा दोनदोनदा वाचू लागलो. बायका भारे घेऊन जाताना त्याच्याकडे पाहायच्या आणि मग माझ्याकडे पाहायच्या. एकीने तर विचारलंच, "मामांना बरं नाय काय वो?"

चौथ्या दिवशी मी मिस्त्रीला रेघ दिली. खरं तर पुलापासून पुन्हा उलटं मोजत चिऱ्यावरच्या खुणेपर्यंत जायचं असतं. निघालो तिथला आकडा परत जुळला तरच काम खरं. कॉलेजात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी ते केलं नाही. एक दिवस वाचवला, असं स्वतःला सांगितलं. मिस्त्रीने रेघेवर चुना टाकून कमानीचे तिरके पायदगड दोन्ही बाजूंना बसवून टाकले. सोमवारी मोठे साहेब पाहणीला येणार होते.

शनिवारी संध्याकाळी मी तंबूसमोर बसलो होतो. धोंडू आला. बसला नाही.

"सायेब, बोलू का? बंदी हाय म्हनून इचारतो."

"बोल."

"जांबळीच्या वळनावर, दुसऱ्या दिसाला, तुमी दुर्बीन पुडं नेऊन लावली. मी दगडावर उबा. तुमी हात वर केला. मी दगुड सोडून खाली उतारलो. बगतो तर तुमचा डोळा अजून दुर्बिनीला. मंग घाईत पायाखाली ज्यो दगुड गावला त्यावर पट्टी ठेवली. तुमी वाचली, लिवली, परत हात केला. मी पुडं आलो."

मला तो क्षण आठवला. मी आकडा घ्यायला वाकत होतो आणि कपाळावर गांधीलमाशी घोंघावत होती.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"बोलायचं नाय म्हनालात."

"धोंडू!"

त्याने मान खाली घातली. "खोटं कशाला सांगू? राग व्हता. म्हनलं, कॉलेजवाल्याला कळंल त्याचं त्याला. पन मिस्त्रीनं पायदगुड बसवलं आन माजा घास उतरंना. पूल कुनाच्या बापाचा नाय वो. आमच्या वाडीची मानसं त्यावरनं जानार."

तो गेला आणि मी तसाच बसलो. खालच्या दगडावर पट्टी ठेवली असेल तर पूल तेवढाच खाली येणार. वहाळाच्या पुराला पुलाखालून जायला जागा उरणार नाही आणि दोन पावसाळ्यांत कमान जाईल. दुसरीकडे, बोललो तर माझी नोकरी. बापूने नात्यात घरोघर पेढे वाटले होते. तंबूभोवती मी किती फेऱ्या मारल्या कुणास ठाऊक. आणि फार वेळ मला हेच सुचत होतं, की पट्टीवाल्याने दगड सोडला, चूक पट्टीवाल्याची. हे लिहायला मला आजही बरं वाटत नाही.

रविवारी उजाडता उजाडता मी त्याच्या झोपडीपाशी गेलो. "चल. पुलापासून चिऱ्यापर्यंत परत मोजायचं. आणि ओरडायचं. नेहमीसारखं."

"आन तुमी?"

"मी काय?"

"मी ओरडनार आन तुमी हात दावनार, त्ये नाय चालायचं."

पहिल्या दगडावरून आवाज आला, "हालवू काऽ, सायेब?" मी "हालव" म्हणालो. तो ढिम्म. "आयकू नाय आलं!" मी पुन्हा म्हणालो. "दरीपल्याड हाय मी, तुमच्या कॉलेजात नाय!" मग मी छाती भरून घेतली आणि ओरडलो. आयुष्यात प्रथमच इतक्या मोठ्याने ओरडलो असेन. समोरच्या डोंगरावरून माझाच आवाज मला परत आला. वाटेवरच्या बायका थबकल्या आणि एक म्हणाली, "अगो बाय, सायबाला कंठ फुटला!" धोंडू पट्टीला धरून इतका हसला की पट्टी डुलायला लागली आणि आकडा वाचता येईना. मीही हसलो.

दुपार कलताना चिऱ्यापाशी पोचलो. वही मांडली. रेघ एक फूट आणि वर तीन बोटं खाली पडली होती.

मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "पायदगुड उचकटायचे? चुना धरलाय वो!"

"उचकटायचे."

सोमवारी मोठे साहेब आले. उचकटलेले दगड वहाळाच्या काठाला पडलेले होते. मी काय झालं ते सांगितलं. साहेबांनी विचारलं, "दगड कुणी सोडला?" मी तोंड उघडायच्या आत धोंडू पुढे सरसावला, "सायेब, मी. मीच दगुड सोडला, ह्या पोराची..."

साहेब माझ्याकडे वळले. "पट्टीवाल्याला आजच काढून टाका."

"धोंडूदादा, तू गप!" मी ओरडलो. कालचा घसा अजून मोकळा होता. साहेबसुद्धा दचकले. मग मी सगळं बोललो. विचारायची पद्धत याची होती आणि ती मी बंद केली. हात माझा उठला. परत मोजायला हवं होतं, ते मी टाळलं. त्याला काढायचं असेल तर आधी मला काढा. इतकी वाक्यं मी सलग कधी बोललो नव्हतो.

साहेबांनी माझी वही मागून घेतली आणि परतीचे आकडे स्वतः तपासले. धोंडूदादा कामावर राहिला. माझी कायम नेमणूक एक वर्ष पुढे ढकलली गेली. साहेबांची मोटार वळणाआड जाताच धोंडूदादा माझ्या कानाशी लागला, "म्हंजे, परत बंदी काय?"

पावसाच्या तोंडावर कमान जुळली. त्या श्रावणात वहाळाला आला तसा लोंढा मी नंतर कुठे पाहिला नाही. आम्ही दोघं घोंगड्या पांघरून काठावर उभे होतो. पाणी कमानीच्या पोटाखाली चार-सहा बोटांवर येऊन थांबलं. धोंडूदादाने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही तळवे समोरासमोर धरून फूटभर माप दाखवलं.

पुढे आम्ही दोन वर्षं एकत्र काम केलं. मी अबोलच राहिलो आणि तो बोलतच राहिला. दुपारी आकड्यांची बेरीज करताना मी बोट वर केलं की तो बेरीज होईपर्यंत दम धरायचा, आणि बोट खाली आलं की अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून सुरू व्हायचा. त्याने तेव्हा राग किती दिवस पोटात धरला असता, मिस्त्रीने दगड बसवले नसते तर सांगितलं असतं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

माझी बदली खानदेशात झाली. तिथेच एका पावसाळ्यात बापूचं कार्ड आलं, पट्टीवाला धोंडू तापाने गेला म्हणून. ते पोचलं तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते.

बदलीच्या दिवशी तो मला पोचवायला पोलादपुरात आला होता. सर्व्हिस मोटार भरली, ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. धोंडूदादाने खिडकीची दांडी धरून ठेवली होती. ड्रायव्हर कावला, "अरे ए, सोड ना!" धोंडूदादाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हालवू का, सायेब?"

मी हात वर केला.

त्याने मान हलवली. "हाताचं चालत नाय."

मोटारीतली माणसं माना वळवून पाहत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझ्या तोंडून आवाज निघेपर्यंत तो दांडी धरून तसाच उभा राहिला, दगड न सोडता.

"हालव!" मी ओरडलो.

तेव्हा त्याने हात सोडला.