भांडणापुरतं मल्याळम

नाशिकहून येवल्याला जाणाऱ्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. मांडीवर कापडी पिशवी, तोंडासमोर मोबाइल. मोबाइलमधला एआय गोड आवाजात मल्याळम बोलला, तशा त्या वैतागल्या.

"अगं, किती गोड बोलशील! तू आता माझी सून हायेस. चिडलीयेस माझ्यावर. ओरड!"

फोन खरंच करवादला. बाईंनी दचकून पदर सावरला आणि अडखळत त्याच भाषेत उत्तर दिलं. चुकलं की फोन सांगायचा, त्या पुन्हा म्हणायच्या. मी बघतच राहिलो.

"सून केरळची हाय," त्या मला म्हणाल्या. "एरवी मोडक्या हिंदीत भागतं. पण चिडली की ती तिच्याच भाषेत बोलते. मी आपली हसून मान डोलवायचे. काय वाटलं असंल पोरीला!"

"मग आधी चार गोड शब्द शिकायचे ना?"

"गोड तर खुणेनं पण बोलता येतं, दादा. भांडता आलं नाय, तर ती घरात पाहुणीच राहील."

सुनेची बोलणी नीट कळावीत म्हणून भाषा शिकणारी सासू मी पहिल्यांदाच पाहत होतो.

येवल्याच्या स्टँडवर सून न्यायला आली होती. उन्हात ताटकळलेली ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. बाईंनी तिथल्या तिथे मल्याळममधून उत्तर दिलं. पोरगी थिजली. मग जी बोलत सुटली, ती थांबेचना.

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या एकदाही मान न डोलवता ऐकत राहिल्या.