चढाला बसणारी गाडी

मिस्त्रीला सगळा बाजार 'नाकमुरडे' म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. गिऱ्हाइकानं गाडी आणली की हा आधी दार उघडून वास घ्यायचा आणि मग असं तोंड करायचा, की आणणाऱ्याला वाटावं आपण गाडीतून मेलेली घूस घेऊन आलो. पन्नाशी उलटली, केस पिकले, पण जुनी डिझेल गाडी समोर आली की येणारी किळस काही कमी झाली नाही. बरं, किळस गाडीची नव्हेच. काळ्या तेलात तो कोपरापर्यंत हात घालायचा. त्याला शिसारी यायची ती विकणाऱ्यांची. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे थंड इंजिनाचा धूर दिसायला नको. खडखडणाऱ्या इंजिनात घट्ट तेल ओततात, म्हणजे सौदा होईपर्यंत ते गप्प राहतं. बिघाडाचा दिवा पेटतो म्हणून दिव्याचीच तार कापतात. "लाज विकून खाल्लीय एकेकानं," तो म्हणायचा.

आणि त्यातला एक घरातच होता. थोरल्या बहिणीचा नवरा, दाजी.

दाजींचा जुन्या गाड्यांचा धंदा. माणूस मात्र गोड. कुणी आजारी पडलं की दवाखान्यात दाजी आधी हजर, कुणाचं सामान हलवायचं तर दाजी आधी हजर. त्यामुळे नात्यागोत्यात गाडी घ्यायची ती दाजींकडूनच, आणि तीही डोळे मिटून. घरच्या माणसाची गाडी तपासायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं ताईचं म्हणणं, आणि ताईपुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. घरात मिस्त्री असताना गाडी न तपासता घ्यायची, याला त्या घरात माया म्हणत.

मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीनंही तेच केलं. नवऱ्याच्या मागे ती शाळेच्या मुलांची ने-आण करून घर चालवायची. तिला दाजींनी मोठी डिझेल गाडी दिली. एका डॉक्टरची, एकहाती, फुलासारखी जपलेली, असं सांगून. फूल महिनाभरात कोमेजलं. सपाट रस्त्याला गाडी झकास चालायची, पण शाळा टेकडीवर. चढ लागला की अर्ध्यावर धक्के खायची, ओढ जायची आणि बंद. मागे ट्रक हॉर्न मारतोय, आत मुलं रडतायत. थोडा वेळ थांबलं की बया पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. दोघा-तिघांच्या आयांनी मुलं काढून घेतली. उरलेल्यांनी सांगून टाकलं, पुन्हा असं झालं तर आम्हीही दुसरी सोय बघतो.

ती भावाकडे आली तेव्हा तीन गॅरेजं पालथी घालून झाली होती. एकानं फिल्टर बदलला, दुसऱ्यानं इंजेक्टर. तिसऱ्यानं मशीन लावलं, पडद्यावर 'इंधनाचा दाब कमी' असं आलं, आणि पठ्ठ्यानं नवा पंप बसवला. गाडी तिथंच बसत राहिली.

"आधी माझ्याकडे का नाही आलीस?"

"ताईला कळलं असतं, दादा."

मिस्त्रीनं नाक मुरडलं. दाब कमी आहे हे मशीननं सांगितलं. का कमी आहे, हे शोधायला डोकं लागतं. ते बाजारात मिळत नाही, म्हणून ही मंडळी पंप विकतात.

त्यानं बॉनेट उघडलंच नाही. आधी स्वतः गाडी घेऊन चढाला गेला. अर्ध्यावर ती बसली, तसा हाही आत बसून राहिला. थोड्या वेळानं किल्ली फिरवली, तर सुरू. त्याच्या मनात पाल चुकचुकली. मग त्यानं स्वच्छ डिझेलचा डबा पायाशी ठेवला, इंजिनाच्या नळ्या टाकीपासून सोडवून त्या डब्यात सोडल्या आणि पुन्हा चढ घेतला. गाडी शाळेच्या फाटकापर्यंत कुरकुर न करता गेली. म्हणजे इंजिन चांगलं, पंप चांगला, इंजेक्टर चांगले. रोग टाकीत होता.

टाकी उतरवली, तसा कुजका वास सगळ्या गॅरेजभर झाला. धाकटीनं पदर नाकाला लावला. तळाशी पाणी साचलेलं, आणि डिझेल नि पाण्याच्या मधोमध काळा, बुळबुळीत, शेंबडासारखा थर. पाणी राहिलं की डिझेलमध्ये असं किडकं शेवाळ वाढतं. गाडी ओढीला लागली की ते सगळं ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन चिकटायचं आणि डिझेलची वाट बंद. थांबलं की गळून खाली बसायचं. शी. मिस्त्रीनं नाक मुरडलं, आणि ते काही वासानं नव्हे.

कारण टाकीत एवढं पाणी कुठून आलं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यानं मागच्या सीटचा पट्टा धरून पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा पट्टा धुऊन लख्ख, पण जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो त्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ. गालिचा उचलला, तर खाली बारीक गाळ. डॅशबोर्डखाली तारांचे जोड हिरवे पडलेले. फुलासारखी जपलेली गाडी सीटपर्यंत पुराच्या पाण्यात बुडून आली होती.

त्यानं दाजींना फोन लावला. दाजी हसले. "अहो मेहुणे, पाणी काय, कुणाच्याही गाडीत जातं. टाकी धुवून टाका की. आणि हे बघा, ताईच्या कानावर घालू नका, तिचं ब्लडप्रेशर वाढतं."

मिस्त्रीनं फोन ठेवला आणि साबणानं हात धुतले. आपलेच दात, आपलेच ओठ.

"टाकी मी धुतो," तो धाकटीला म्हणाला. "पण ही गाडी मुलांना घेऊन चालवायची नाही. तारा सडल्यात. आज टाकी, उद्या ब्रेकची वायर. भंगारात घाल, मी बघतो पुढचं काय ते."

धाकटीनं नाकावरचा पदर काढला. मग म्हणाली, "तू नीट धू. एक गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

"सगळं सांगून देणार?"

"मला कुणी सांगितलं होतं?"

हिला त्यानं कडेवर खेळवलं होतं. हिच्या तोंडून दाजींचा धंदा ऐकताना त्याला वाटलं, तो टाकीतला गाळ आपल्याच घरात कुणीतरी ओतलाय. तरी टाकी त्यानं धुतली, जाळी बदलली, कारण काम अर्धवट सोडणं त्याला जमत नव्हतं. गाडी पळायला लागली.

गिऱ्हाईक आलं ते नवरा-बायको, बाई पोटुशी. धाकटीनं आधीच बजावलं होतं, "दादा, तुझ्या पाया पडते, तू फक्त गप्प बस." नवऱ्यानं गाडीभोवती फेरी मारली, चाकांना लाथा घातल्या आणि सहज विचारलं, "मिस्त्री, पुरातली-बिरातली नाही ना?"

मिस्त्री गप्पच बसला. नुसता मागचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत बाहेर ओढला.

ती दोघं गाडी न घेताच गेल्यावर धाकटी त्याच्याकडे बघून म्हणाली, "दाजी काही झालं तरी परके. तू तर सख्खा होतास." आणि गाडी घेऊन निघून गेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. दाजींना हे कळलं तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं ती गाडी परत घेतली आणि धाकटीला बदल्यात दुसरी दिली. सगळ्या नात्यात वाहवा झाली. ताई जाईल तिथे सांगायची, असा माणूस शोधून सापडायचा नाही. ती पुरातली गाडी पुढे कुणाच्या गळ्यात पडली, हे कुणीही विचारलं नाही. मिस्त्रीकडे मात्र ताईनं येणं-जाणं बंद केलं, धाकटीनं बोलणं. लग्नाबारशाला बोलावलं तर बोलावलं.

धाकटीची नवी गाडी रोज सकाळी गॅरेजवरून जाते. मिस्त्री शटर उघडत असतो. त्याला बघायचं नसतं, पण कानांना काय झाकण आहे? गाडी एका बाजूला लंगडत चालते, आणि उताराला वेग कमी करताना पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो. ब्रेकचं अस्तर संपलंय. मागच्या काचेला मुलांची तोंडं चिकटलेली असतात.

एका सकाळी त्याला राहवलं नाही. हातातलं कुलूप टाकून तो रस्त्यात आडवा उभा राहिला. धाकटीनं गाडी थांबवली. ती थांबली तीही त्याच्या गुडघ्याशी येऊन. काच दोन बोटं खाली आली.

"ब्रेक गेलेत तुझे," तो म्हणाला. "मुलांना उतरव, मी रिक्षानं पोचवतो. गाडी इथंच ठेव. पैसे नकोत, बोलूही नकोस माझ्याशी."

धाकटीनं समोर बघतच उत्तर दिलं.

"दाजींना विचारते," ती म्हणाली आणि काच वर केली.