शेवटचा तीन

परवा मंगरूळपीरला एका शाळेवरून जाताना खिडकीतून ओल्या फळ्याचा वास आला. कुणीतरी नुकतंच ओलं फडकं फिरवलं असावं. खडूची भुकटी पाण्यात विरघळली की येणारा तो थंड, मातकट वास मला कित्येक वर्षं सोसत नाही.

इंझोरीचा माझा एक सहकारी होता. आम्ही दोघेही गणित शिकवायचो, पण मधल्या सुट्टीत मुलं जमायची ती त्याच्याभोवती. हा काटा जुनाच. एकदा उन्हाळ्याची सुट्टी संपवून तो आला आणि शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर त्याने लिहिलं: ७३९३९१३३. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः यांवाचून तिला कशानेही भाग जात नाही. एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण तिचा उजवीकडचा अंक पुसला तरी उरते ती मूळच. आणखी एक पुसा, तरी मूळच. अशी थेट एकट्या सातापर्यंत. साडेआठ हजारांपुढपर्यंतच्या एकेका मूळ संख्येने त्याने सुट्टीभर भागून पाहिलं होतं. इतकं देखणं काही त्यालाच का सापडावं? ती संख्या फुटावी असं मला मनापासून वाटलं. घाईने कागदावर भागाकार मांडला आणि सर्वांसमोर म्हणालो, "सदतीसने भाग जातो."

तो हसला. "तुमी म्हणता म्हंजे माह्यंच चुकलं असन, सर." फडकं भिजवून त्याने फक्त शेवटचा तीन पुसला. "येवढी तं शाबूत आहे ना?"

घरी जाताना बसमध्ये ताळा केला. माझ्या उत्तराच्या शेवटी पाच होता. सात पाचा पस्तीस. आणि त्याची संख्या तर तिनावर संपत होती. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. पण मुलं पुन्हा त्याच्याभोवती दिसली आणि मी गप्प बसलो, तो निवृत्तीपर्यंत.

परवा त्या वासाने मला घरी जाऊ दिलं नाही. मिळेल ती बस धरून इंझोरी गाठली. तो ओसरीवर सुपात तूर निवडत होता.

"काहून हो सर, रस्ता चुकले का?"

बसायच्या आधीच मी सांगून टाकलं, की सदतीसने भाग जात नव्हता आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

त्याने सुपातून मान वर केली नाही. "तिच्यापुढं आखीन कोनताच अंक लागत नाई," तो म्हणाला. "एक, तीन, सात, नऊ, त्याच राती बसलो, चारी लावून पाह्यले म्या. एक नाई तं सात लावला का तिनानं भाग जाते. बाकीच्या दोघायनं लय दमवलं. तिथंच सरते ते."

पुढे अंक लावून बघायचे तर आधी ती संख्या अखंड धरावी लागते. म्हणजे फळ्यावर पुसलेला तीन त्याच्यापाशी कायम होता. माझी चूक त्याला तेव्हाच ठाऊक होती, आणि चारचौघांत मला उघडं पाडणं त्याला सुचलंही नव्हतं.

परतताना ओझं उतरल्यासारखं वाटायला हवं होतं. खिडकीशी बसून मी मात्र त्याच्या त्या न सुचण्यावर जळत होतो. वयाने माझंही एकेक पुसत आणलं आहे: नोकरी, नजर, सोबतीची माणसं. अखेर उरला आहे तो हा हेवा, आणि त्याला अजून कशानेच भाग जात नाही.