अंधार काढून मिळेल

त्या सोमवारी अँटेनाकाकांचं दुकान उघडायच्या आधीच फोन वाजायला लागला. शटर अर्धं वर, किल्ली कुलपात, एक पाय आत आणि एक बाहेर, अशा अवस्थेत त्यांनी तो घेतला.

"काका, टीव्ही गेला हो. चित्र काळं पडलंय."

त्यांनी पत्ता लिहून घेतला, फोन ठेवला, तोच पुन्हा वाजला. याचाही टीव्ही काळा. दहा वाजेपर्यंत अकरा घरचे टीव्ही काळे पडले होते. बेचाळीस वर्षांच्या धंद्यात अशी साथ काकांनी पाहिली नव्हती.

अँटेना हे नाव त्यांना विशीत चिकटलं. तेव्हा गच्चीगच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचं एकेक झाड उभं असायचं आणि वारा सुटला की चित्रात मुंग्या यायच्या. मग हा काटक तरुण वर चढून पाइप फिरवायचा आणि खालच्या खिडकीतून घरातलं कुणीतरी ओरडायचं, "आलं! गेलं! आलं, आलं, आता हलू नका!" एकदा एका सामन्याचा शेवटचा अर्धा तास त्यांनी अँटेना हातात धरून काढला, कारण सोडली की चित्र जायचं. खाली उतरल्यावर कोण जिंकलं हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. पुढे काड्या गेल्या, तबकड्या आल्या, भिंतीवरचे पातळ पडदे आले. नाव तेवढं राहिलं.

गंमत अशी, की या माणसाने जन्मात एक कार्यक्रम धड पाहिला नव्हता. ते टीव्हीकडे बघायचे, टीव्हीत बघायचे नाहीत. घरी एखाद्या प्रसंगाला काकूंनी पदर डोळ्यांना लावला, की हे म्हणणार, "लाल जरा जास्त झालाय."

"अहो, त्याची आई गेलीय!"

"गेली असेल. पण जाताना हिरवी दिसत होती."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या आणि आता दुकानातला फोन त्यांच्या ताब्यात होता. नुसत्या आवाजावरून त्या बिघाड ओळखायच्या. "हा खोटं बोलतोय, याने टीव्हीवर पाणी सांडलंय," असं त्या फोन ठेवता ठेवता सांगायच्या आणि ते खरं निघायचं. त्या सोमवारी अकरा तक्रारींची यादी त्यांनी दोनदा वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अहो, हे अकराही जण काल संध्याकाळी सातच्या सुमाराला बिघडलेत."

"टीव्ही बिघडलेत."

"तेच ते. पण मला वाटतं, माणसंच जास्त बिघडलीत. जपून जा."

पहिलं घर दाताच्या डॉक्टरांचं. टीव्ही भिंतभर. काकांनी तो दोघांच्या मदतीने गालिच्यावर पालथा घातला, मागचं झाकण काढलं, मीटर लावला. सगळं ठणठणीत. पुन्हा टांगला आणि बातम्या लावल्या, तर बातम्या देणाऱ्या बाईंच्या गालावरचा तीळही मोजून घ्यावा इतका स्पष्ट.

"काल काय बघत होता? तेच लावा बघू."

डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं लावलं आणि पडदा झपकन काळा झाला. तलवारींचा खणखणाट ऐकू येत होता, घोडे खिंकाळत होते, माणसं बोंबलत होती. दिसत होती फक्त एक मशाल, तीही जाऊ की नको करत चाललेली.

"हे काय आहे?"

"काका! ही 'सात खिंडी'! शेवटची लढाई!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. सात वर्षं चाललेली ही मालिका. लोहाराची पोर आणि तिची माणसं सात खिंडी राखतात, धुकेवाल्यांचं सैन्य एकेक खिंड गिळत येतं, आणि काल ऐन ग्रहणात ते शेवटच्या खिंडीत उतरलं होतं.

"मग, कोण जिंकलं?"

"तेच तर दिसत नाहीये ना!"

दुसरं घर निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. काका त्यांना अजूनही थोडे टरकून असायचे, कारण दुकानाच्या पाटीवरची 'दूरुस्ती' त्यांनी भर रस्त्यात लाल खडूने सुधारली होती. आज त्याच बाईंनी दार उघडलं, ते लाल डोळ्यांनी.

"आमचा नावाडी गेला हो."

काका दारातच थबकले. पिशवी खाली ठेवून त्यांनी हात जोडले. "केव्हा?"

"काल. सव्वा आठला."

"वय काय होतं?"

"तीनशे बारा."

काका हळूच खुर्चीत बसले. बाईंनी पाणी आणून दिलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. नावाडी म्हणजे मालिकेतला तो एकाक्ष म्हातारा. पहिल्या भागापासून लोकांना नदीपार नेणारा, कधी कुणाला दोन शब्द गोड न बोलणारा. "बरं, गेला असं तरी कसं म्हणू? नाव उलटल्याचा आवाज आला. एकटा होता, की जवळ कुणी होतं, काही दिसलं नाही. सात वर्षं मी त्याला बघतेय आणि नेमका शेवटाला अंधार! तुम्ही काहीतरी करा."

तिसरं घर बेकरीवाल्या दोघा भावांचं. खाली भट्टी, वर घर, दोघांत मिळून टीव्ही एकच. काल संध्याकाळपासून भावांचं बोलणं बंद होतं. थोरला म्हणत होता, धुक्याच्या राजाचा गळा लांडग्याने फोडला. धाकटा म्हणत होता, लोहाराच्या पोरीने घणाने मारला. ब्रेडचे ट्रे एकाकडून दुसऱ्याकडे जात होते ते आदळत. थोरल्याने काकांना जिन्यात गाठलं. "काका, तुम्ही जाणकार. सांगा त्याला, लांडगाच होता." काका खाली आले तर धाकटा पिठाच्या पोत्यांमागून पुढे झाला. "काका, घणच ना?"

अकरा घरं फिरून काका परतले तेव्हा पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर पहिल्या घरानंतर बाहेरही निघाला नव्हता. पाय धुऊन ते जेवायला बसले.

"यंत्रात दोष नाही," ते म्हणाले. "चित्रच तसं काढलंय. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो, पण या खेपेला अंगणच वाकडं निघालं."

"मग तसं सांगा आणि मोकळे व्हा," काकू म्हणाल्या.

काका घास हातात धरून बसले. "पण अगं, त्या काळ्यात काहीतरी आहे. ते सगळं एकच काळं नाहीये. आत वीस-पंचवीस निरनिराळे काळे आहेत. कुणीतरी खपून काढलंय ते. आपल्या लोकांपर्यंत पोचलेलं नाही, एवढंच."

काकूंनी वाढायचं थांबवून त्यांच्याकडे बघितलं. संसाराला अडतीस वर्षं झाली होती आणि चित्रात काय आहे याबद्दल नवऱ्याने तोंड उघडायची ही पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडचं रेकॉर्डिंग दुकानात आलं. भर दुपारी शटर अर्धं ओढून, काका स्टुलावर बसून ती लढाई मिनिटामिनिटाने पुढे-मागे करत राहिले. इथे ब्राइटनेस वर, इथे खाली, इथे कॉन्ट्रास्टला हात लावायचा नाही, असं सगळं वहीत टिपलं. बुधवारी दुकानासमोरच्या फळ्यावर खडूची ओळ उमटली: 'अंधार काढून मिळेल.' आणि मग काका घरोघर गेले. कुठे वीज वाचवायचं सेटिंग चालू राहिलं होतं, ते बंद केलं. कुठे खिडकीचं ऊन थेट पडद्यावर यायचं, तिथे टीव्ही फिरवला. एका घरी तर पडद्यावरची धूळ पुसली आणि निम्मी लढाई तिथेच उजळली.

शनिवारी दुपारी चार वाजता तो भाग पुन्हा दाखवणार होते. मुख्याध्यापिका बाईंनी फर्मान काढलं, "सगळे माझ्याकडे या. एकत्र बघू. आणि ज्याला मध्ये बोलायचं असेल त्याने हात वर करायचा."

काकांनी दुकानातला आपला सगळ्यात भरवशाचा टीव्ही द्यायचा ठरवला. तो धूड होता, न्यायला दोन तगडी माणसं हवीत, आणि गल्लीत तगडे म्हणाल तर बेकरीवालेच. एका टोकाला थोरला, एका टोकाला धाकटा. बाईंच्या जिन्याच्या वळणावर टीव्ही अडकला.

"डावीकडे घे," थोरला म्हणाला.

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

सहा दिवसांत भावांमध्ये झालेलं हे पहिलं संभाषण. जिन्याखाली उभ्या काकूंनी तोंडाला रुमाल लावून हसू दाबलं.

चार वाजता पडदे ओढले. खोलीत चौदा माणसं, खुर्च्या कमी पडल्या म्हणून डॉक्टर जमिनीवर. काका टीव्हीच्या बाजूला, एका हातात वही, दुसऱ्या हातात रिमोट, नजर त्या काळ्यावर. लढाई सुरू झाली. काकांचं बोट हललं आणि काळोखातून आधी डोंगराची कड वर आली, मग कडेवरचं बर्फ, मग त्या बर्फात उभी असलेली शेकडो माणसं. "अगं बाई!" कुणीतरी म्हणालं, हात वर न करताच. अग्निबाण सुटले तेव्हा काकांनी पटकन उजेड उतरवला, नाहीतर सगळं पांढरंफेक झालं असतं. घोडे दिसले. चेहरे दिसले. लांडगा दिसला, पण तो होता मैलभर लांब. पोरीचा घण दिसला, तोही केव्हाच तिच्या हातातून निसटून बर्फात पडलेला.

आणि धुक्याचा राजा नदीच्या पात्रापाशी आला, तसा नावाड्याने वल्ह्याचं टोक त्याच्या चिलखतात अडकवलं, नाव स्वतःहून कलती केली, आणि त्याला घेऊन पाण्यात गेला.

 मग थोरला बेकरीवाला म्हणाला, "म्हाताऱ्याने मारला रे!"

"आणि आपण इकडे आठवडाभर ट्रे आपटतोय," धाकटा म्हणाला. दोघंही इतक्या मोठ्याने हसले, की बाईंनी डोळे वटारले.

पण पडद्यावर अजून काहीतरी चाललं होतं. गळ्याएवढ्या पाण्यात लोहाराची पोर उभी होती. नावाड्याचं डोकं तिच्या हातावर होतं आणि तो तिला काहीतरी सांगत होता. आयुष्यभर खेकसत आलेला तो म्हातारा हसत होता. हे गेल्या रविवारी कुणालाच दिसलं नव्हतं.

मुख्याध्यापिका बाईंनी हात वर केला. प्रत्येक जण आपापलं नाक ओढण्यात गुंतला होता, कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "बोला ना, बाई."

"एकटा नव्हता," बाई म्हणाल्या. एवढंच. हात खाली घेतला आणि पुन्हा बघायला लागल्या.

पुढचा प्रसंग पार भगभगीत झाला. "काका, ब्राइटनेस!" डॉक्टर ओरडले. काकांचं लक्ष नव्हतं. रिमोट हातात तसाच, वही कधीच पायाशी पडलेली, आणि तोंड उघडं.

"तिने त्याला बाबा का म्हटलं?" त्यांनी विचारलं. "तो तिचा बाप होता?"

चौदा माणसं एकदम बोलायला लागली. "अहो, ते चौथ्या वर्षी..."

"नका सांगू!" काका जवळजवळ किंचाळले. "कुणी काही सांगू नका. मी पहिल्यापासून बघणार."

रविवारपासून ते बघायला लागलेसुद्धा. रोज दुपारी दोनला, जेवण झाल्यावर, एक भाग. शेजारी काकू ओठ घट्ट मिटून बसायच्या, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. "हा माणूस चांगला दिसतोय," काका म्हणायचे आणि काकू खिडकीबाहेर बघायच्या.

इकडे त्याच रविवारी मालिकेचा शेवटचा भाग लागला. तो लख्ख दिसला आणि एकालाही आवडला नाही. लेखकांनी सात वर्षं पाण्यात घातली, असं जो तो म्हणू लागला. एकाने तर दुकानात फोन केला, "काकू, शेवट दुरुस्त करून मिळतो का हो?"

"ते काम आमच्याकडे येत नाही, साहेब," काकू म्हणाल्या. "पण बोला तुम्ही, मी ऐकतेय." आणि वीस मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं.

काका तेव्हा पहिल्या वर्षाच्या चौथ्या भागावर होते. ते रस्त्याने कानात कापूस घालून चालायचे आणि दोन माणसं तावातावाने बोलताना दिसली की गल्ली बदलायचे. पण किती ठिकाणी पुरे पडणार? दाढी करायला ते न्हाव्याच्या खुर्चीत बसले. कापूस काढावा लागला. निम्मी दाढी झाली असेल नसेल, वस्तरा गळ्यावर असताना न्हावी म्हणाला, "पण काका, लोहाराच्या पोरीने शेवटी असं करायला नको होतं. इतकी वर्षं राखलेली ती खिंड..."

वस्तरा गळ्यावरून उचलला गेला त्याच क्षणी काका खुर्चीतून उठले आणि फडक्यासकट घरी आले. एका गालाला फेस, दुसरा तुळतुळीत.

काकूंनी दार उघडलं. "अहो, हे काय? अर्धीच?"

"उरलेली सहासष्ट भागांनंतर," काका म्हणाले.

उरलेली त्यांनी आरशासमोर स्वतःच केली, जरा कापून घेतली, आणि फडकं काकूंनी धुऊन, घडी घालून न्हाव्याला परत पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: 'कृपया यांच्याशी हवापाण्याबद्दलच बोलावे.' तोपर्यंत दोन वाजत आले होते, आणि काका पाचव्या भागासाठी शटर ओढायला निघाले.