रंग वाळायला तीन दिवस

मुरूम गावच्या शंभुलिंगअप्पांनी उभ्या जन्मात एकच खोटं नीट सांभाळलं, आणि तेही रंगाच्या बाबतीत. चाळीस वर्षं गॅरेजात गाड्या रंगवलेल्या माणसाला चाकाचा रंग किती वेळात वाळतो, ते कुणी शिकवायला नको. एक दिवस चांगलं ऊन मिळालं की चाक गाडीला लावता येतं. पण मुलगी भुवनेश्वरी पुण्याहून आली की अप्पा छातीठोकपणे सांगत, "तीन दिस हात लावायचा न्हाय. रंग कच्चा ऱ्हातोय."

तिची गाडी दर दिवाळीला एखादं चाक खरचटूनच यायची. अलॉयची नाजूक चाकं आणि फुटपाथाला घासून गाडी लावायची सवय, दुसरं काय होणार? अप्पा चाक काढून अंगणात पोत्यावर आडवं ठेवत. साबणाच्या पाण्यानं धुऊन ओरखड्याची कड पॉलिश पेपरनं घासत, खड्ड्यात पुट्टी भरत. ती सपाट झाली का हे डोळे मिटून, बोट फिरवून बघत. टायरला रंग लागू नये म्हणून रिमच्या कडेनं जुने पत्ते गोल खोचत. ओसरीवरून बायको, इरम्मा, म्हणायची, "आयुष्यात पत्ते धरले न्हाईत, आन् म्हातारपणी लेकीच्या चाकाला डाव मांडलाय!" मग तीन दिवस शेंगदाण्याच्या पोळ्या, हसणं, 'अव्वा, अव्वा' करत लेकीची आईशी कानडी-मराठी कुजबुज. अप्पांना आणखी काही नको असे.

मागच्या उन्हाळ्यात इरम्मा गेली आणि घर खायला उठलं. अप्पा सकाळी शिजवलेला भात संध्याकाळीही खाऊ लागले. महादेवाकडे त्यांचं एकच मागणं होतं, यंदाही चाक खरचटलेलं असू दे.

दिवाळीला लेक-जावयाची गाडी दारात आली, आणि चाक खरचटलेलं होतंच! अप्पांनी चहाआधी जॅक लावला. दुपारपर्यंत प्रायमर, चांदी रंगाचे दोन हात, वर चकाकीसाठी लॅकर, सगळं झालं. मग हात पुसत त्यांनी ठेवणीतलं वाक्य काढलं, "तीन दिस लागतील."

जावई मल्लेश म्हणाला, "मग निवांत वाळू द्या, अप्पा. आम्ही स्टेपनी लावून आजच निघतो."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. एकच दिवस सांगितला असता तर निदान एक मुक्काम तरी पदरात पडला असता. "पुढच्या रविवारी न्यायला येते," म्हणत भुवनेश्वरी गाडीत बसली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

तीन रविवार गेले. अप्पा माजघरातलं चाक रोज फडक्यानं पुसत, जेवताना त्याच्याशी दोन शब्द बोलत. शेजारच्या उमादेवीनं ते ऐकलं, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. चौथ्या रविवारी अप्पांनी फोन लावला.

"भुवना, म्या खोटं बोललो. चाक एका दिसात वाळतंय."

"ठाऊक आहे, अप्पा. रंगाच्या डब्यावर लिहिलंय की. दर वर्षी वाचत होते."

"मग थांबत का हुतीस?"

"अव्वा होती ना. आता दांडीवर तिची लुगडी तशीच लटकलेली. मला तिथं एक रात्र काढवत नाही, अप्पा. रागावू नका."

फोन ठेवल्यावर अप्पा रडले. जे घर त्यांना खायला उठत होतं, ते लेकीलाही उठत होतं. आणि ते तिला त्यातच तीन दिवस डांबायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दांडीवरचं एक लुगडं काढलं. मग त्यात चाक गुंडाळलं, पोत्यात घातलं आणि पोत्याचं तोंड बांधलं. पुण्याला येतोय, हे लेकीला कळवलं नव्हतं. कळवलं असतं आणि ती नको म्हणाली असती, तर काय करायचं?

ऑटोवाल्यानं पोतं उचलून आत ठेवलं. घराची किल्ली घेताना उमादेवीनं विचारलं, "किती दिस ऱ्हाणार, अप्पा?"

अप्पांनी पोत्यावर हात ठेवला.

"तीन," ते म्हणाले. "रंग वाळूस्तवर."